हिरवा हात

मित्रांनो, मी एक जुना मेकॅनिक आहे. माझी उंची तुमच्या अंगठ्याच्या वरच्या पेराएवढी, मोजून पंचवीस मिलिमीटर. माझ्या उजव्या हातात पाना आहे, पाठीवर प्राणवायूची टाकी आहे आणि डोक्यावर अँटेना होती, ती आता अर्धीच उरली आहे. मी ज्या अंतराळयानाचा मेकॅनिक आहे ते यान कुठेच नाही. ते ज्या ग्रहावर कोसळते तो ग्रहही नाही. तरीसुद्धा ते यान मी आजवर चारशेहून अधिक वेळा दुरुस्त केले आहे आणि ते उडालेही आहे, निदान जेवणाच्या टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

माझा जन्म साच्यात झाला. एका कारागिराने आधी मळलेल्या पुट्टीतून माझा नमुना कोरला. त्याच्यावरून रबराचा गोल, जात्यासारखा एकावर एक बसणाऱ्या दोन पाळ्यांचा साचा केला. तो साचा चाकासारखा गरगर फिरवायचा आणि फिरता फिरता मधल्या भोकातून वितळलेला धातू ओतायचा, म्हणजे फिरण्याच्या जोराने धातू बाहेरच्या बाजूला फेकला जातो आणि बोटाच्या टोकापर्यंत भरतो. तो धातू म्हणजे शिसे आणि थोडे कथील. 'नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा' या म्हणीतले कथील तेच. सोनुबाईला त्याची लाज वाटत असेल, मला नाही. नुसते शिसे साच्याच्या कोपऱ्यांत नीट शिरत नाही. माझ्या चेहऱ्यावर नाक उमटले ते कथलामुळे. साच्याच्या दोन पाळ्या जिथे मिळतात तिथे अंगावर एक बारीक कड राहते, तिला आम्ही शिवण म्हणतो. काटेकोर लोक ती कानशीने घासून काढतात. माझी डाव्या कानावरची शिवण अजून तशीच आहे. का, ते पुढे कळेल.

एका चपट्या खोक्यात आम्ही बारा जण होतो: एक कप्तान, एक डॉक्टरीण, दोन तोफवाले, सात शिपाई आणि मी. तो खोका मामांनी विकत घेतला. मामा जहाजावर स्वयंपाकी होते आणि अकरा महिन्यांनी घरी यायचे, तेव्हा भाचरांसाठी काही ना काही आणायचे. सोबत नियमांचे पुस्तक होते, पण ते अशा भाषेत होते की मामांनाही त्यातले फक्त आकडे वाचता येत होते.

भाचरे दोन. थोरली ताई, तेव्हा चौदा वर्षांची. धाकटा अकरा वर्षांचा. त्याला घरात सगळे भोंगा म्हणत. यान कोसळले की धोक्याचा भोंगा तो तोंडाने वाजवी. तो इतका खरा वाजे की शेजारच्या आजोबांनी दोनदा दार उघडून आग कुठे लागली ते पाहिले होते. पुस्तक वाचता येईना, म्हणून या दोघांनी त्यातली चित्रे पाहून आपलेच नियम रचले आणि एका वहीत लिहून काढले. शब्दकोशाचे खंड डोंगर झाले, चहाची गाळणी रडार झाली. फासा टाकायचा, सहा पडले की मेकॅनिक इंजिन सुरू करणार, हा नियम पहिला.

आम्हाला रंगवायचे काम ताईचे. भिंती रंगवणारे लोक रंगाच्या एका थराला 'हात' म्हणतात. भिंतीला दोन हात दिले, तीन हात दिले. ताईनेही तोच शब्द उचलला. आधी राखाडी अस्तराचा एक हात, तो वाळला की पाणी घालून पातळ केलेल्या रंगाचे दोन हात. प्रत्येकाला बाटलीच्या बुचावर चिकटवून ते बूच फिरवत रंगवायचे, म्हणजे रंगाला बोट लागत नाही. सुट्टीभर खपून तिने अकरा जण पुरे केले. सगळ्यांचे गणवेश तांबडे. तुकडीचे नावच तांबडी तुकडी. बारावा मी राहिलो होतो, आणि नेमका ताईला ताप आला.

ती अंथरुणातून उठायच्या आत तुकडी पुरी करून तिला चकित करायचे, असे भोंग्याने ठरवले. दुपारची वेळ होती. त्याने मला खिडकीशी नेले, रंगाची डबी उघडली आणि माझ्या अंगावर एक जाड हात फासला. अस्तर नाही, पाणी नाही, शिवणीवर कानस नाही. मग मी वाळेपर्यंत तो गाल फुगवून माझ्यावर फुंकर घालत बसला. मित्रांनो, नंतर मला पुष्कळ लोकांनी भिंगातून पाहिले, पण इतक्या जवळून आणि इतक्या आशेने कोणीही पाहिले नाही.

त्याने मला तळहातावर घेऊन ताईच्या उशाशी नेले.

"तांबडी तुकडी पुरी झाली," तो म्हणाला.

ताईने मला पाहिले आणि तापातही खदखदून हसली. "अरे, ही भेंडी कुठून आली आपल्या यानात?"

"कसली भेंडी? तांबडा तर लावलाय."

तो थट्टा करतोय असे वाटून ती आणखी हसली, खोकला येईपर्यंत हसली. मग तिने त्याचा चेहरा पाहिला. तिने त्याला दोन डब्या आणायला सांगितल्या आणि त्याच्यासमोर धरून विचारले, यातला तांबडा कुठला? भोंग्याने आधी डावीकडच्या डबीवर बोट ठेवले. मग ताईकडे बघत बघत ते हळूच उजवीकडे सरकवले.

आई त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. ताईचा ताप उतरला होता, म्हणून तीही गेली आणि मी भोंग्याच्या खिशात होतो. डॉक्टरांकडे ठिपक्यांच्या वर्तुळांचे एक पुस्तक होते. ताईला प्रत्येक वर्तुळात आकडा दिसत होता. भोंग्याला मोहरी सांडल्यासारखे नुसते ठिपके दिसत होते. डॉक्टर म्हणाले, डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीन जातींच्या असतात. याच्यातली एक जात जरा निराळी आहे, म्हणून तांबडा आणि हिरवा याला सारखेच वाटतात. हा आजार नाही, ही एक तऱ्हा आहे. मात्र भोंग्याला आगगाडीचे इंजिन चालवायचे होते, आणि सिग्नलचे दिवे कोणत्या दोन रंगांचे असतात ते तुम्हाला सांगायला नको. इंजिनाचे मनसुबे त्याने त्याच दिवशी गुंडाळून ठेवले.

घरी आल्यावर ताईने मला तांबडा रंग द्यायला घेतले. भोंग्याने मला तिच्या हातातून काढून घेतले. "राहू दे तसाच. माझ्या दृष्टीनं तो तांबडाच आहे," तो म्हणाला.

पुढच्या आठवड्यात वहीत नियम चौदा आला. भोंग्याच्या मोठ्या, तिरक्या अक्षरात तो असा आहे: 'मेकॅनिक हिरवा असल्यामुळे तो कोणाच्या बाजूचा हे शत्रूला कळत नाही. म्हणून त्याला कोणीही अडवायचे नाही.' आपल्या चुकीतून असा नियम काढणारा मुलगा मी दुसरा पाहिलेला नाही. त्या दिवसापासून मी शत्रूच्या छावणीतून शीळ घालत गेल्यासारखा जायचो, इंजिन सुरू करायचो आणि परत यायचो. तांबडे शिपाई पटापट आडवे व्हायचे, कप्तानसुद्धा व्हायचा. मी मात्र उभा.

पण भोंग्याने त्यानंतर कुंचला हातात धरला नाही. तो खेळायचा, नियम करायचा, भोंगा वाजवायचा. रंगवायचे म्हटले की त्याला बाहेर काम निघायचे. जगात त्याच्या रंगाचा एकच हात होता आणि तो माझ्या अंगावर होता. ताईला हे कळत होते. आपण हसलो म्हणून त्याने कुंचला टाकला, असे तिने मनाशी पक्के धरले आणि कोणापाशी बोलली नाही.

वर्षे गेली. पंधराएक वर्षे आम्ही बारा जण बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात पडून होतो. माझी अँटेना तिथेच मोडली. ताई कवळ्या बनवायला शिकली. दातांचे डॉक्टर ठसे पाठवतात आणि ती कवळ्या करून देते. दात पांढरा नसतो, त्यात पिवळा, करडा, निळसर असे किती हात असतात, हे तिच्याइतके कोणाला ठाऊक नाही. भोंगा दुसऱ्या शहरात लिफ्ट दुरुस्त करू लागला. तारा तो रंगावरून ओळखत नाही, त्यांच्यावरच्या आकड्यांवरून ओळखतो, आणि आजवर एकदाही चुकलेला नाही. म्हणजे बघा, तोही मेकॅनिकच झाला.

मग एके दिवशी ताईने डबा उघडला आणि आमचे दिवस पालटले. तिने आम्हाला धुतले, पुसले आणि आमच्यासारखे जुने सैनिक शोधायचा तिला नादच लागला. कोणाच्या माळ्यावरचे, कोणाच्या जुन्या खेळण्यांच्या पेटीतले, हात तुटलेले, रंगाने लडबडलेले. कामावरून आली की ती भिंगाचा दिवा लावून बसे. भुवईएवढी रेघ काढायची असली की श्वास रोखून धरी. बघता बघता आम्ही ऐंशी झालो. वाचनालयात एकदा मांडले तेव्हा कप्तानाच्या झग्यापुढे लोक वाकून वाकून उभे राहिले. माझ्यापाशी आले की म्हणायचे, हाही तुमच्यातलाच का? ताई म्हणायची, हा माझ्या भावाने रंगवलाय. आणि मला सगळ्यांच्या पुढे ठेवायची.

ताईचे यजमान सुतारकाम करतात. ताई त्यांना 'अहो' म्हणते, म्हणून आम्हीही त्यांना अहोच म्हणतो. त्यांना दुसरे नाव असेल तर ते आमच्या कानावर आलेले नाही. त्यांनी तीन महिने खपून ताईसाठी एक कपाट केले. ताज्या फळ्यांचे, सांध्याला सांधा असा बसवलेला की नखही शिरू नये. दारांना काच आणि काचेभोवती रबराची पट्टी. "धुळीचा कण आत जायचा नाही," ते म्हणाले, आणि ते खरेच होते. बहात्तर जण त्यात मावले. आम्हा बारा जणांना मानाचा वरचा कप्पा मिळाला. नव्याने आलेले आठ जण मात्र जागेअभावी पत्र्याच्या डब्यातच राहिले आणि आम्ही वरून त्यांची कीव केली.

कपाटात आम्ही इतके सुरेख दिसत होतो की कोणी आम्हाला बाहेर काढीना. भोंगा तीन-चार महिन्यांनी यायचा. पूर्वी तो आला की चहाच्या आधी वही निघायची. आता चहा घेऊन दोघे काचेपुढे उभे राहायचे, "छान दिसतायत" म्हणायचे आणि बसायचे. फासा खणात गेला. मित्रांनो, प्रशंसा फार गोड असते, पण दोन वर्षे नुसती प्रशंसा ऐकून काय होते ते मला विचारा.

आधी माझ्या बुटांना पांढरी पूड दिसू लागली. ताईला ती धूळ वाटली, मग बुरशी वाटली. तिने पुसली, महिन्याभरात ती परत आली. माझ्या हिरव्या रंगाखाली घामोळ्यासारखे फोड उठले. एकदा दार उघडताना ताई थबकली आणि तिने नाक आत घातले. आतून आंबट वास येत होता, व्हिनेगरच्या बाटलीचा येतो तसा. तिने धावत जाऊन पत्र्याचा डबा उघडला. ते आठ जण, ज्यांची आम्ही कीव केली होती, ठणठणीत होते.

दुसरी एखादी असती तर तिथेच सुताराला बोल लावून मोकळी झाली असती. ताईने दोन बरण्या घेतल्या. दोन्हींत एका मोडक्या सैनिकाचा एकेक तुकडा आणि ओल्या कापसाचा बोळा ठेवला. एकीत अहोंच्या कारखान्यातला मूठभर भुसा टाकला, दुसरीत नाही. झाकणे घट्ट लावली आणि महिनाभर वाट पाहिली. भुशाच्या बरणीतला तुकडा पिठात घोळल्यासारखा पांढरा झाला. दुसरा जवळजवळ होता तसाच. लाकडातून, विशेषतः ताज्या लाकडातून, आम्लाची वाफ हळूहळू सुटत असते. मोकळ्या हवेत ती उडून जाते. कोंडली की शिशाला खाते.

दोन्ही बरण्या घेऊन ताई कारखान्यात गेली. मी तिच्या हातातल्या काचेच्या वाटीत होतो. अहोंनी बरण्या उजेडात धरून बराच वेळ पाहिल्या.

"म्हणजे माझं लाकूड तुझ्या माणसांना खातंय," ते म्हणाले.

"दोष लाकडाचा नाही हो. कोंडल्याचा आहे."

"फट राहू नये म्हणून रबर मीच लावलं ना." त्यांनी बरणी खाली ठेवली. "लाकूड श्वास सोडतं, हे आम्ही सुतार येता-जाता बोलतो. कोणाच्या तोंडावर सोडतं ते कधी बघितलं नाही."

त्या दिवशी त्यांनी रंधा हातात घेतला नाही. पण पुढच्या आठवड्यात ते पत्रा कापून आणि काचा जोडून एक नवी मांडणी घेऊन आले. तिच्या मागच्या बाजूला त्यांनी हवेसाठी भोके पाडली होती, मोजून चोवीस. कपाटात आता चादरी आणि टॉवेल राहतात, आणि फार सुखात राहतात असे ऐकतो.

ताईने तोंडाला मास्क लावला, हातमोजे घातले आणि पाण्याखाली धरून मऊ ब्रशने एकेकाला साफ केले. शिशाची पूड विषारी असते, ती नाकातोंडात जाऊ द्यायची नसते. बाकीचे एकाहत्तर जण वाचले. त्यांना अस्तर होते, आणि रंगाखाली अस्तर असले की आम्ल धातूपर्यंत सहज पोचत नाही; त्यांचे फक्त उघडे तळवे खराब झाले होते. माझे तसे नव्हते. माझा रंग नागव्या धातूवर बसला होता आणि पूड त्या दोघांच्या मधे घुसली होती. कपाटाबाहेर आलो तरी ती थांबेना, कारण आम्ल रंगाखाली अडकून बसले होते. मला वाचवायचे तर रंग काढायला हवा होता.

ताई ते करीना. तिने मला वाटीत घालून खिडकीत ठेवले आणि दर रविवारी आपल्या कामाच्या नाजूक काट्यावर माझे वजन करू लागली. आधी ते किंचित वाढले. ती काही त्याने खूश झाली नाही. त्यात गंजाचेही वजन धरलेले असते, हे तिला ठाऊक होते. मग खपल्या पडू लागल्या आणि ते कमी होत चालले. चौथ्या रविवारी माझ्या गालाचा एक तुकडा काट्यावरच राहिला. ताईने चष्मा काढून पुसला आणि मला परत वाटीत ठेवले. फोनवर भोंग्याने विचारले की मंडळी कशी आहेत. ती म्हणाली, मजेत.

पुढच्या महिन्यात भोंगा आला. नव्या मांडणीपुढे उभा राहिला आणि तांबडी तुकडी बोटाने मोजू लागला.

"अकराच? माझा मेकॅनिक कुठाय?"

"दुरुस्तीला आहे."

"मेकॅनिकची दुरुस्ती कोण करतंय?"

ताईने वाटी आणून त्याच्यापुढे ठेवली. मग तिने बरण्यांपासून काट्यापर्यंत सगळे सांगितले आणि शेवटी म्हणाली, "रंग काढल्याशिवाय तो वाचत नाही. आणि तो रंग तुझा आहे. तुझा जगात एकच हात आहे, भोंग्या. तो माझ्या हातानं कसा काढू?"

भोंगा वाकून माझ्याकडे बघत होता. आता त्याला चष्मा होता, कानांवर केस पांढरे झाले होते, पण बघायची तऱ्हा तीच होती.

"हात कसला, ताई. गोळा होता तो. मी डबी ढवळलीसुद्धा नव्हती," तो म्हणाला. "आणि खाली माणूसच उरला नाही तर रंग काय हवेत ठेवणार आहेस?"

 मग अडतीस वर्षे पोटात ठेवलेले तिच्या तोंडून निघाले. "मी हसले म्हणून तू कुंचला टाकलास."

भोंग्याने चकित होऊन तिच्याकडे पाहिले. "हसलीस म्हणून? अगं, भेंडीची गोष्ट तर मी अजून कामावर सांगतो लोकांना." त्याने वाटी जरा फिरवली. "तू हसलीस म्हणून नाही. तू हसायचं बंद केलंस म्हणून. डॉक्टरकडून आल्यापासून माझ्या कशाला एकदा तरी हसलीस का? मी डबी उघडली की 'तू राहू दे, मी करते'. मी कुंचला भिजवला की 'तू राहू दे, मी करते'. जपायचीस, कळायचं मला. पण कोंडल्यासारखं व्हायचं गं."

ताईची नजर खोलीच्या कोपऱ्यात गेली. तिथे चादरींचे कपाट उभे होते.

दारात अहो चहाचे कप घेऊन उभे होते. ते म्हणाले, "म्हणजे या घरातलं पहिलं कपाट माझं नव्हतं तर."

 भोंग्याचे खांदे हसण्याने हलू लागले.

ताईने डोळे पुसले आणि एक अट घातली. रंग मी काढते, नवा हात तू द्यायचास. भोंग्याने आढेवेढे घेतले. डोळे, हातांची थरथर, परतीचे तिकीट, सगळे पुढे करून पाहिले. शेवटी त्याने कामावर फोन लावला आणि चार दिवसांची रजा टाकली.

दोन दिवस मी रंग सोडवणाऱ्या द्रवात बुडून होतो. हिरवा रंग पापुद्र्यांनी सुटला. ताई ते पापुद्रे चिमट्याने उचलून एका बाटलीत भरत होती. "नखंही ठेव कापून माझी," भोंगा म्हणाला. तिने बाटलीला बूच लावले, वर 'शिसे, हात लावू नये' अशी चिठ्ठी चिकटवली आणि ठेवलीच. मग तिने माझी पूड काढली, धुऊन मला पूर्ण वाळवले. माझ्या चेहऱ्यावर देवीच्या वणांसारखे खड्डे पडले होते. ताईने पुट्टी हातात घेतली.

"राहू दे ते. मेकॅनिकच्या तोंडावर खड्डे असायचेच," भोंगा म्हणाला. डाव्या कानावरची शिवणही त्याने घासू दिली नाही.

चौथ्या दिवशी दुपारी मला बुचावर चिकटवले. आधी राखाडी अस्तर, या वेळी भोंग्याच्या हातून. ताई शेजारी बसली होती. तिने आपले दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. दोनदा तिच्या तोंडून "तू राहू..." एवढे निघाले आणि दोन्ही वेळा तिने ओठ मिटले.

अस्तर वाळल्यावर भोंग्याने चष्मा कपाळावर चढवला आणि डब्यांवरची नावे एकेक करून मोठ्याने वाचली. तांबडा. किरमिजी. विटकरी. गर्द हिरवा. ती डबी त्याने उघडली आणि छान ढवळली.

"भोंग्या," ताई न राहवून म्हणाली, "तो हिरवा आहे."

"वाचता येतं मला. तांबडा लावला तर याला छावणीतून जाऊ कोण देईल? नियम चौदा."

पातळ रंगाचे दोन हात. बाह्यांना करडी कड. पान्याला चंदेरी. शेवटी डोळे. भोंग्याने श्वास रोखला, पण अठ्ठेचाळीस-पन्नासच्या माणसाचा श्वास किती रोखला जाणार? पहिला डोळा नीट बसला. दुसऱ्याच्या वेळी त्याने श्वास सोडला. परिणाम असा की माझा उजवा डोळा पान्याकडे बघतो आणि डावा छताकडे.

भोंग्याने बूच ताईच्या पुढे धरले. ताईने भिंग लावले, माझ्याकडे नीट पाहिले आणि तिचे ओठ थरथरू लागले. तिने दाबायचा प्रयत्न केला. ते नाकातून फुटले. मग ती हसली. चौदा वर्षांची असताना तापात हसली होती तशी, खोकला येईपर्यंत, टेबलावर हात आपटत. "अरे, हा इंजिन दुरुस्त करतोय की पाल शोधतोय?" आणि भोंग्याने मान मागे टाकून असा काही भोंगा वाजवला की अहो हात पोळल्यासारखे आतून धावत आले.

तो डोळा ताईने सुधारला नाही. रंग पुरता वाळल्यावर संध्याकाळी शब्दकोशाचे खंड टेबलावर आले, गाळणी आली, खणातून फासा आला. मी शत्रूच्या छावणीतून सरळ चालत गेलो आणि कोणी मला अडवले नाही. तिसऱ्या फेकीला सहा पडले.

मित्रांनो, आता मी चोवीस भोकांच्या मांडणीत राहतो, पण महिन्यातले चार-सहा दिवस तरी टेबलावर असतो. मी दोनदा खाली पडलो आहे आणि माझ्या पान्याचा चंदेरी रंग खरवडला आहे; तो पुन्हा लावायला भोंगा येणार आहे. तुमच्या घरीही एखादी जुनी वस्तू असेल. तिच्यावर तुमचा फार जीव असेल, तर तिला अस्तर द्या, हवा द्या आणि मधूनमधून कामाला लावा. जपणे म्हणजे कोंडणे नव्हे, हे मी अंगावर खड्डे घेऊन शिकलो. ताईला त्यासाठी अडतीस वर्षे लागली. आणि कोणी तुम्हाला आपल्या हाताने केलेले काही दाखवायला आणले आणि ते भेंडीसारखे दिसले, तर खुशाल हसा. फक्त हसून झाल्यावर कुंचला त्याच्याच हातात राहू द्या.

मला भेटायला आलात तर काचेतून बघू नका, उचलून घ्या. खेळून झाल्यावर मात्र साबणाने हात धुवा. मी कितीही प्रेमळ असलो, तरी शेवटी शिसेच आहे.